फणीची जागा

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास माझ्या टेबलावर एक ठिपका आला. टाचणीच्या डोक्याएवढा, फिक्या निळ्यावर तपकिरी, आणि शेजारी मुंगीच्या पायांसारख्या अक्षरांत नाव: फणी. माझे हात थरथरले. (काढा. हात थरथरले नाहीत. माझे हात कधीच थरथरत नाहीत, म्हणून तर ही नोकरी टिकली. मी भिंग काढून ते नाव पुन्हा वाचलं.) हायकौ शहरातल्या या छापखान्यात मी एकवीस वर्षं प्रूफं तपासते आहे. शाळांचे नकाशे, भरती-ओहोटीची कोष्टकं, बंदरांच्या पुस्तिका. माझ्या हातून हजारो बेटं गेली, खडक गेले, ओहोटीला डोकं वर काढणारे आणि न काढणारे, आणि कुठल्याही ठिपक्याकडे मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. आमचे पान साहेब नवीन पोरींना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात, "समुद्र बघायचा नाही. मूळ प्रत बघायची. मूळ प्रतीत गाढव असेल तर नकाशात गाढव." मला त्यांनी हे शिकवलं तेव्हा मला हसू आलं होतं, कारण समुद्र मी तसाही बघितलेला नव्हता. म्हणजे काठावरून बघितला होता, जन्मल्यापासून. पण आमच्या थानमनमध्ये, कोळ्यांच्या त्या गावात, बाई बोटीवर चढत नाही. पसरलेल्या जाळ्यावरून पाय टाकून जात नाही. होकायंत्राला हात लावत नाही. तेव्हा तरी असंच होतं. तर हा ठिपका. या नावाचा खडक जगाच्या पाठीवर कुठेही नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण तो मी केला होता. चौदाव्या वर्षी, शाईच्या पेनाने, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून, भावावरच्या जळफळाटात.

अर्धी वाट सोडून फणीकडे: बैल-बकरी, तीन पहारे. बरोबर.

ही ती ओळ. आमच्याकडच्या वाटवह्यांतल्या सगळ्या ओळी अशाच असतात. कुठून निघायचं, कुठे जायचं, होकायंत्रावरच्या कुठल्या दोन प्राण्यांमधली रेघ धरायची, आणि किती पहारे जायचं. उंदीर-घोडा म्हणजे उत्तर-दक्षिण, ससा-कोंबडा म्हणजे पूर्व-पश्चिम, बाकीचे त्यांच्या अधेमधे. जुन्या काळी एक उदबत्ती जळून संपेपर्यंत बोट जाईल तेवढा एक पहारा. आणि शेवटी 'बरोबर', म्हणजे जागा लागली. खडकांची नावं म्हणाल तर झाकण, विजार, तराजूचा आकडा, अर्धी वाट. महिनोन्महिने खाऱ्या पाण्यात काढणाऱ्या पुरुषांना घरातल्या वस्तूंशिवाय दुसरं काय आठवणार. प्रत्येक घराची वही वेगळी. बापाकडून थोरल्या मुलाकडे जायची, शेजाऱ्याने मागितली तर देवाशप्पथ हरवली म्हणून सांगायची. आता काय, उपग्रह आहेत. वह्या काचेच्या पेटीत गेल्या आणि अचानक फार महत्त्वाच्या झाल्या, कारण त्या पाण्यावर चार देश हक्क सांगतात आणि प्रत्येकाला आपल्या आजोबाने तिथे आधी मासा पकडला हे दाखवायचं आहे.

"हे वहीचे फोटो. मूळ प्रत म्हणून हेच धरा," तोंग मॅडम म्हणाल्या. त्या संशोधन संस्थेतल्या, जेमतेम तिशीच्या. नाकाचा शेंडा उन्हाने सोलवटला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता, कारण बोलताना बोट सारखं तिथे जात होतं. "चाळीस दिवस होते हो मी बोटीवर. पहिले सहा दिवस नुसती ओकत होते. मग मो काकांनी आल्याचा वाळवलेला तुकडा दिला चघळायला. म्हणाले, पोरी, पोट विसर, क्षितिज बघ."

"कुठले मो काका?"

"मो थिंगशान. त्यांचीच तर वही. आम्ही तेवीस घरांच्या वह्या तपासल्या, फेन मावशी. फणी कुठेच नाही. फक्त यांच्याकडे! तिकडच्यांनी, म्हणजे पलीकडच्या देशाने, गेल्या महिन्यात स्वतःच्या नकाशात तिथे त्यांचं नाव घातलंय. आपलं छापून तयार पाहिजे. सोमवारी मिळेल ना?"

"तुम्ही स्वतः बघितलीत? फणी?"

"लांबून. जवळ कोणालाच जाऊ देत नाहीत. दोन पांढरी जहाजं उभी असतात, एक त्यांचं, एक आपलं, नाकाला नाक लावून. पण त्यांच्यामधल्या पाण्याचा रंग दिसतो. काय सांगू तुम्हाला."

काय सांगू तुम्हाला. मला छापखान्यात सगळे फेन मावशी म्हणतात, तेव्हा माझं आडनाव मो आहे, आमच्यात लग्नानंतरही बाईचं आडनाव बदलत नाही, आणि मो थिंगशान हा माझा सख्खा थोरला भाऊ आहे, हे तिला कळण्याचं काही कारण नव्हतं, आणि मी सांगितलंही नाही. मी तिच्या नाकाकडे पाहत होते. माझ्या भावाच्या बोटीवर एक बाई चाळीस दिवस झोपली, जेवली, ओकली, आणि त्याने तिला आल्याचा तुकडा दिला. ती गेल्यावर मी फोटो बघितले. आणि त्याखालची ओळ: 'हस्ताक्षर: मो थिंगशान, थानमन.' फोटोत माझं अक्षर होतं. 'पहारे'तली शेवटची रेघ मी तेव्हा जरा वर उडवायचे, शाळेतल्या बाईंना आवडायची म्हणून. रेघ तिथे होती, बत्तीस वर्षं उडालेलीच, खाली बसायची राहिलेली. मग सवयीने पट्टी आणि काट्याचा कंपास घेतला आणि ठिपका मोजला. अर्धी वाट, बैल-बकरी, तीन पहारे. ठिपका तिथे नव्हता. त्याच रेघेवर, पण पुढे, दक्षिणेकडे, तीन मिलिमीटर. म्हणजे त्याने त्या पोरीला कुठला तरी भलताच खडक दाखवला आणि त्याला मी रचलेलं नाव चिकटवलं. माझी थाप सुद्धा त्याने मला ठेवली नाही.

त्या वर्षी शरद पौर्णिमेनंतर बोटी कितीतरी काळाने पुन्हा लांब दक्षिणेला जाणार होत्या. बाबांची जुनी वही वाळवीने खाल्लेली, एकदा समुद्राच्या पाण्यात भिजलेली, पानं पापडासारखी. नवी उतरवायची होती. बाबांना अक्षरं थोडीच यायची, पण वही तोंडपाठ. दादा एकोणीस वर्षांचा, त्याचं अक्षर म्हणजे चिखलातून खेकडा गेलेला. "आ-फेन लिहील," बाबा म्हणाले. "हिचं अक्षर बघ, वाळूत पाखरू चालल्यासारखं." एवढं एक वाक्य. त्या वाक्यावर मी अकरा दिवस लिहिलं. संध्याकाळी उंबऱ्यावर बसायचं, बाबा आतून ओळ म्हणायचे, मी लिहायची, मग वाचून दाखवायची, बाबा 'हं' म्हणायचे. बैल-बकरी, वाघ-माकड, साप-डुक्कर. हळूहळू मला ते पाणी दिसायला लागलं. झाकणाच्या पश्चिमेला पाणी कसं फुटतं ते मी तुम्हाला सांगू शकले असते. आणि रोज लिहून झालं की दादा येऊन वही उचलून न्यायचा, न बघता, काखेत मारून, जणू भाजीची टोपली. त्याची होती ना. तरीही, तेवढ्याने मी काही केलं नसतं. फणी मधे आली. बाबा महिनाभर एका कासवाच्या कवचाच्या तुकड्यावर काम करत होते, शार्कच्या कातड्याने घासत होते, मधासारखा रंग निघाला होता आणि त्यात काळे ढग. एकेक दात कोरलेला. घरात लांब केस माझेच होते. आईचे आजाराने गेलेले. मी वाट बघत होते, कधी देतात त्याची, आणि ती वाट बघण्यातही मजा होती. मग एका रविवारी दादाची सोयरीक ठरली आणि बाबांनी ती फणी लाल कागदात गुंडाळून होणाऱ्या वहिनीच्या, रुईल्येनच्या, हातात ठेवली. मी खाली बघितलं तर माझी वेणी पोटापर्यंत आलेली, मूर्खासारखी. त्या संध्याकाळी मी ती ओळ लिहिली. अर्धी वाट आणि तराजूचा आकडा यांच्यामधे, जिथे बाबांनी एका ओळीची जागा सोडायला सांगितली होती. वाचून दाखवताना गाळली. बाबा 'हं' म्हणाले.

त्याला मारायचं होतं असं नाही. (तसंच ठेवा.) त्याने एकदा, एकदाच, तिथे जावं, आणि पाणीच पाणी असावं, आणि त्याला वाटावं की आपल्याला वही वाचता येत नाही. बस. पण बोटी निघाल्या त्या दिवशी एकशे आठ भावांच्या देवळात सगळ्यांनी धूप लावला. ते एकशे आठ जण पूर्वी समुद्रात गेले आणि देव झाले. मी मागे बायकांच्या घोळक्यात उभी होते आणि मनात मोजत होते: एकशे आठ भाऊ, आणि एकही बहीण नाही. तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. त्या भीतीची मग सवय झाली, दुखऱ्या दाढेची होते तशी. दर हिवाळ्यात तो जायचा, दर उन्हाळ्यात यायचा, आणि मला कधीच कळायचं नाही की मी त्याची वाट बघते आहे की त्याच्या न येण्याची. दुसऱ्या वर्षी अकरा दिवस उशीर झाला. अकरा. मी रोज वहीतली ती ओळ डोळ्यांसमोर आणायची आणि खोडायची. बोट आली तेव्हा बाबा तापाने वाळलेले, दोघांनी धरून उतरवलं. त्यांनी काठावर मला बघितलं आणि हसायला लागले. हसता हसता खोकला लागला, तरी हसतच. तापाचं हसू असतं तसं, असं मी तेव्हा धरून चालले. पुढच्या वर्षी मी शिकायला हायकौला आले. मग नोकरी, लग्न. नवऱ्याने एकदा सांगितलं, तू झोपेत प्राण्यांची नावं घेतेस. मी म्हटलं, लहानपणी आमच्याकडे गुरं होती.

शनिवारी सकाळच्या बसने थानमनला गेले. बंदराच्या रस्त्यावर आता शिंपल्यांच्या कोरीवकामाची दुकानं बंद आहेत, शटरांवर जुनी पांढरी भुकटी तेवढी. दादाचं घर तिमजली, फरशी चकचकीत, भिंतीवर वहीवर हात ठेवून बसलेल्या दादाचा फोटो. फोटोत वहीवर डाग पडू नये म्हणून त्याने पांढरे हातमोजे घातले होते. काखेत मारून न्यायचा.

"आली शहरची पाहुणी," वहिनी म्हणाली. "फोन करायला काही होतं का? मासा तरी मोठा आणला असता."

"आहे तो काय लहान आहे?" दादा म्हणाला. "बस गं. किती वाळलीयस. तो छापखाना रक्त पितो वाटतं तुझं."

वाफवलेला मासा, नारळाचा भात, आंबट भाजीचं पाणी. आम्ही जेवायला बसलो. मी ठरवून गेले होते की आधी तब्येत विचारायची, मग पोरांचं, मग हळूच. पण त्याने माझ्या वाटीत माशाच्या गालाचं मांस घातलं, सगळ्यात चांगला तुकडा, आणि मला ते सहन झालं नाही.

"वहीतलं अक्षर कोणाचं आहे, दादा?"

"कसलं अक्षर?"

"पुस्तिका छापतायत. माझ्या टेबलावर आलीय. हस्ताक्षर मो थिंगशान म्हणे."

वहिनी फसकन हसली. "यांचं हस्ताक्षर! लग्नाच्या नोंदणीत सही करताना कागद फाडला होता यांनी."

"तू गप ग. मी तसं सांगितलं नाही," तो म्हणाला. "त्यांनी विचारलं वही कोणाची. म्हटलं माझी. त्यांनी लिहून घेतलं. मी नाही म्हटलं नाही, एवढंच."

"एवढंच."

"मग काय बोंब मारू? वही पोरीनं उतरवली, ती पण शाळकरी? तिकडचे वकील टपून बसलेत. बाबांचं नाव घालवू?"

आमच्याकडे ताटातला मासा उलटत नाहीत. वरची बाजू संपली की मधला काटा उचलायचा, बाजूला ठेवायचा, आणि खालचं खायचं. मासा उलटला की बोट उलटते. हे शिकवावं लागत नाही, दूध सुटायच्या आधी येतं. मी जेवायच्या काड्या माशाच्या पोटाखाली घातल्या आणि त्याला उलटा पाडला. फट् असा आवाज झाला, आल्याचे तुकडे टेबलावर उडाले.

"अगं बये!" वहिनीने तोंडावर हात घेतला. "पोरगा आहे की गं माझा पाण्यात!"

"असू दे, असू दे. तो खाडीत आहे, गुडघाभर पाण्यात," दादा म्हणाला. पण त्याने लगेच, अपशकुन टळावा म्हणून, बोट ओलं करून टेबलाला तीनदा लावलं. मी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"फणी खोटी आहे," मी म्हटलं. "तिथे काही नाही. मी लिहिली ती ओळ. बाबांनी सांगितलेली नाही. तुला फसवायला लिहिली."

तो माशाचा डोळा चोखत होता. चोखून झाला, बुबुळ ताटलीच्या कडेला ठेवलं. "माहितीये," तो म्हणाला.

टेबलाच्या काचेखाली कसलंसं जुनं कॅलेंडर होतं. मी त्यातले आकडे वाचत राहिले. तो सांगत होता आणि त्याचा आवाज मला एखाद्या पत्र्याच्या पलीकडून आल्यासारखा येत होता. दुसऱ्या वर्षी बाबा बोटीवर तापाने फणफणले. दादाच्या हातात पहिल्यांदाच सुकाणू आणि वही. बोट मासळीशिवाय रिकामी, सगळ्या ओळखीच्या खडकांवर दुसऱ्यांच्या बोटी. मग त्याला ती ओळ दिसली, जी बाबांनी कधी तोंडाने म्हटली नव्हती. त्याला वाटलं ही बाबांची लपवलेली जागा. खास. त्याने बैल-बकरी धरली. "तीन पहारे झाले, काही नाही. खाली दोर सोडला, तळ लागेना. माणसं माझ्याकडे बघायला लागली. परत फिरायचं तर लाज. म्हटलं, बाबांच्या वेळी बोट हळू जायची, मोजणीत फरक असेल. अजून अर्धा पहारा गेलो. आणि पाणी हिरवं झालं, आ-फेन. असं एकदम. कोणी दिवा लावल्यासारखं." तो थांबला. "त्या समुद्रात हट्टाने सरळ जात राहिलं की काहीतरी लागतंच म्हणा. पण लागलं ते लांबट होतं, एका बाजूला सरळ आणि दुसऱ्या बाजूला दात. खरंच फणी."

"बाबा?"

"बाबांना उठवून बसवलं. विचारलं, हीच ना फणी? ते म्हणाले, कुठली फणी? मी वही वाचून दाखवली. त्यांनी वही हातात घेतली, ती ओळ बोटाने चाचपली. आणि हसायला लागले. म्हणाले, पोरीनं दाखवली रे आपल्याला. मग म्हणाले, तिला सांगू नकोस. कळलं तर म्हणेल मला पण न्या."

मला हसू आलं नाही, रडू आलं नाही. तीस वर्षं त्या दोघांकडे एक गंमत होती आणि ती माझी होती. दोघं तिथे जायचे, बाबा जाईपर्यंत, तीन वेळा, माझ्या रागावर बोट बांधायचे, पोहायचे, जेवायचे, आणि मी सुट्टीला घरी आले की माझ्या हातचा चहा प्यायचे. मी इकडे त्याच्या मरणाची दाढ सांभाळत होते.

"पहिल्या वेळी तिकडचे दोघं होते तिथं आधीच," दादा आता रंगात आला होता. "लाकडी होडी, दोन्ही बाजूंना बांबू बांधलेले. मी सिगारेट दिली, त्यांनी आंबवलेला मासा दिला. त्यांच्यातला एक पाण्याकडे दाखवून म्हणाला, कुलांबो, कुलांबो. मला कळेना. मग तो आडवा झाला, डास मारल्यासारखं केलं, चारी बाजूंनी काहीतरी सोडलं. मच्छरदाणी गं! त्यांची मच्छरदाणी, आपली फणी. काय हसलोय आम्ही. आता त्याच्यावरून जहाजं उभी आहेत. ना त्याला जाता येत, ना मला."

"आपली नाही," मी म्हटलं. "माझी."

"बरं, तुझी. तू लिहिलीस, मान्य. पण तू गेलीयस का तिथं?"

"तू नेलंस का?"

"अगं, बाई बोटीवर—"

"तोंग मॅडम चाळीस दिवस होती."

त्याने टेबलावर उडालेले आल्याचे तुकडे एकेक करून गोळा केले. मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "ती सरकारी आहे गं."

वहिनीने ताटल्या उचलायला सुरुवात केली. "तीस वर्षं या फणीचं ऐकतेय," ती म्हणाली. "ही बघायची तेव्हा माझ्या डोक्याकडेच बघायची, मला काय कळत नव्हतं? मला ती कधी आवडली नाही, सांगून ठेवते. केस तोडायची. कासवाच्या वस्तू घरात ठेवू नका म्हणाले सरकारवाले, तेव्हा पहिली मी जाऊन जमा केली. मागितली असतीस तर दिली नसती का मी?"

मागितली असतीस तर. परतीच्या बसमध्ये हे वाक्य शेजारच्या सीटवर बसून आलं. खिडकीबाहेर नारळ, सुपारी, पुन्हा नारळ. मी विचार करत होते की तो खोटं बोलत असेल. ते सोयीचं होतं. पण बाबांचं ते काठावरचं हसू मला आठवत होतं, तेही खोकल्यासकट, आणि आता त्याचा दुसरा अर्थ लागत नव्हता. म्हणजे फणी आहे. दात आहेत. पाणी हिरवं आहे. लिहिली मी, सापडली त्याला, दिसली त्या सोलवटलेल्या नाकाच्या पोरीला, आणि मच्छरदाणीवाल्याला तर सगळ्यांच्या आधीपासून माहीत होती. या रांगेत मी कुठे? मला त्या मच्छरदाणीवाल्याचाही हेवा वाटला. तो निदान तिथे आडवा झाला होता. आणि मग, कुठल्याशा फाट्यावर बस थांबलेली असताना, सुपारी चघळणारा एक माणूस चढला, आणि मला तीन मिलिमीटर आठवले.

सोमवारी मी नेहमीसारखी साडेआठला गेले. टेबल पुसलं. प्रूफ पसरलं, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली. तोंग मॅडमचा फोन नऊच्या आधीच आला.

"फेन मावशी, मिळेल ना आज?"

"एक दुरुस्ती आहे. फणीची जागा चुकलीय. मूळ प्रतीप्रमाणे नाही."

"जागा? ती तर मो काकांनी स्वतः दाखवली. उपग्रहावरून घेतलीय आम्ही."

"वहीत तीन पहारे आहेत. तुमचा ठिपका साडेतीनवर आहे."

"हो, पण प्रत्यक्षात खडक..."

"नकाशावर काय लिहिलंय वर? 'वाटवहीच्या पुराव्यानुसार'. पुरावा वही आहे की काका?"

तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला. माझ्या डोळ्यांसमोर तिचं बोट नाकाकडे गेलेलं दिसलं. हुशार मुलगी आहे, तिला कळत होतं. ठिपका आणि वही जुळत नाहीत असं तिकडच्या एखाद्या वकिलाने पट्टी लावून दाखवलं तर अख्खी वही जाते. आणि वही हलवता येत नाही. ठिपकाच हलवता येतो.

"वही," ती शेवटी म्हणाली.

"मग तीन."

"पण तिथे तर काही नाहीये, मावशी. नुसतं खोल पाणी आहे."

"आम्ही समुद्र बघत नाही, मॅडम. मूळ प्रत बघतो."

मी लाल पेन्सिलीला टोक केलं. ठिपक्याभोवती गोल काढला, त्यातून रेघ बाहेर काढली, उत्तरेकडे, तीन मिलिमीटर, आणि तिच्या टोकाला छोटी फुली. फुली पडली ती स्वच्छ निळ्यावर. आजूबाजूला काही नाही. तिथे दादाने दोर सोडला होता आणि तळ लागला नव्हता. तिथे बाबा हसले नाहीत. कोणी मासा पकडला नाही, कोणी आडवा झाला नाही, कोणाची मच्छरदाणी नाही. पुस्तिका निघाली की दोन्ही पांढरी जहाजं कदाचित तिथे जायला निघतील. आधी एक, मग पाठोपाठ दुसरं. नाकाला नाक लावून उभी राहतील. खाली डोकावतील, पाणी काळंनिळं, हिरवं व्हायचं नाव घेणार नाही. चुकलं म्हणून परत फिरायचं तर लाज. दोघांपैकी आधी कोण निघणार? कोणीच नाही. उन्हात उभी राहतील, वर्षानुवर्षं, माझ्या त्या संध्याकाळवर पहारा देत. दुसऱ्या कोणाची पोरं असतील त्यांच्यावर, हेही माझ्या मनात आलं. (काढा.) (नको. तसंच ठेवा.) आलं, आणि तरी पेन्सिल खाली ठेवली नाही.

समासात लिहिलं: मूळ प्रतीप्रमाणे. त्याखाली सहीची जागा असते. एरवी मी नुसतं आडनाव लिहिते. आज सबंध नाव लिहिलं, हळूहळू, वाळूत पाखरू चालल्यासारखं, शेवटची रेघ जरा वर उडवून: मो वानफेन. आणि पुढे, जशी प्रत्येक ओळ संपते तसं:

बरोबर.